भागूबाई आणि निळा टॉवेल

आमच्या इमारतीतल्या आया मुलांना माझी भीती घालतात. "दूध पी, नाहीतर सिस्टरला बोलावते." परवा तर भाजीच्या दुकानात एकीने माझ्यादेखत हे सांगितलं, आणि वर माझ्याकडे बघून ओळखीचं हसली. पोरगं तिच्या पायांमागे लपलं. मी काय बागुलबुवा आहे? दवाखान्यात लसीकरणाच्या खोलीत काम करते, एवढाच माझा गुन्हा. दार उघडून मूल आत आलं, मला बघितलं, की भोकाड पसरतं. माझा हात हलका आहे, सुई कधी गेली ते मोठ्या माणसांना कळतही नाही. पण पोरांना माझ्या हाताशी काय घेणं, त्यांना चेहराच पुरतो.

म्हणून मी गिनिपिग आणले. पोराबाळांसाठी नाही, घरात आम्ही दोघंच. मी आणले ते माझ्यासाठी. मला बघून न घाबरणारा एक तरी जीव घरात असावा, कामावरून आलं की त्याने मांडीवर निवांत बसावं, एवढीच हौस होती. पुस्तकात लिहिलं होतं, गरीब प्राणी, लवकर माणसाळतो. लिहिणाऱ्याचं काय जातंय लिहायला.

दोन माद्या आणल्या. एक तपकिरी, गुबगुबीत, तिला आपोआप ढब्बी नाव पडलं. दुसरी पांढरी, एका कानावर काळा ठिपका. पिंजऱ्यात बुटांच्या खोक्याला दार कापून त्यांना घर केलं होतं, त्यात ती शिरली ती बाहेरच येईना. नवरा वाकून बघत म्हणाला, "ही तर भित्री भागूबाई." झालं, तेच नाव चिकटलं.

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. आमच्या कामात हे अंगवळणी पडलेलं असतं की घाबरणाऱ्याला विचार करायला वेळ द्यायचा नाही. नीट गुंडाळायचं, पक्कं धरायचं, तोंडाने "काही नाही होत, काही नाही होत, झालं झालं" म्हणत राहायचं आणि पटकन मोकळं करायचं. मी निळा टॉवेल घेतला, पिंजऱ्यात वरून हात घातला आणि भागूबाईची पुरचुंडी करून मांडीवर ठेवली. काही नाही होत, म्हटलं. ती थरथरत माझ्या गाऊनवर मुतली. टॉवेल सैल केल्याबरोबर खोक्यात पसार.

रोज हेच. एवढ्या हळुवारपणे धरते, कानामागे खाजवते, नखंसुद्धा मीच कापते, तरी माझी चाहूल लागली की दोघी अशा पळायच्या की गवत उधळायचं. आणि आमचा नवरा? हा शाळेची लायब्ररी सांभाळतो. संध्याकाळी चहाचा कप घेऊन पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसतो आणि पेपर वाचतो. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवतो, बस. काडीचं काम करत नाही. एके दिवशी मी बघते तर ढब्बी याच्या पावलावर पसरलेली. गवत मी भरायचं, लेंड्या मी उचलायच्या, ढोबळी मिरची मी चिरायची, आणि ही बया जाऊन बसणार याच्या पायावर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, तुम्ही नेमकं करता काय तिला?"

"काही नाही."

"असं कसं काही नाही?"

"खरंच काही करत नाही. म्हणूनच येत असेल." त्याने पान उलटलं. "एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"ते ऐकल्यावर ठरवीन."

"तू 'काही नाही होत' म्हणालीस ना, की मलासुद्धा धडकी भरते. माझ्या पायातली काच काढताना असंच म्हणाली होतीस."

मी रागावले. रात्रीच्या जेवणापर्यंत त्याच्याशी बोलले नाही. चुकीचं काही बोलला असता तर भांडून मोकळी झाले असते. पण तो म्हणाला ते खरं होतं, आणि तेही पेपरातून मान वर न करता.

टॉवेल कपाटात टाकला. रोज संध्याकाळी जमिनीवर बसायला लागले. वरून हात घालायचा नाही, तळहात जमिनीवर उताणा ठेवायचा, त्यावर कोथिंबिरीची काडी, आणि गप्प बसायचं. गुडघे कुरकुरायचे, हाताला मुंग्या यायच्या. भागूबाईचं नाक खोक्याच्या दारात हलताना दिसायचं, त्यापुढे काही नाही. गप्प बसणं मला मुळात जमत नाही, म्हणून मी तिला हळू आवाजात शिव्या घालायला लागले. "तुझ्या बापाने तरी पाहिली होती का एवढी ताजी कोथिंबीर? ये ना, शहाणे." शिव्यांचं तिला वावडं नव्हतं. पुढे पुढे ती यायला लागली. आधी काडी ओढून पळायची. मग तिथेच उभी राहून खायला लागली, एक डोळा माझ्यावर ठेवून. ढब्बी तोवर सरळ माझ्या मांडीवरून ये-जा करायची, पण ती कोणाच्याही मांडीवरून गेली असती. मला भागूबाई हवी होती.

आणि मग एका संध्याकाळी तिने पुढचे दोन्ही पाय माझ्या तळहातावर ठेवले. बारीक नखं टोचली. समोर बसलेला नवरा पेपर खाली न ठेवता कुजबुजला, "सिस्टर, हलू नकोस." मी कसली हलतेय. दुसऱ्या दिवशी कामावर एक पोरगं माझ्या अंगावर थुंकलं, तरी मला राग आला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती आली, काडीचा वास घेतला आणि खाल्ली नाही. सकाळीही नाही. अंग फुगवून कोपऱ्यात बसली होती, हनुवटी लाळेने ओली. मी तिला खोक्यासकट उचलून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दाताचं टोक गालात रुतून आत जखम झाली होती. बाईंनी ते टोक घासून दिलं, दुखण्यावरचं औषध दिलं आणि म्हणाल्या, "आता खरं काम तुमचं. यांचं खाणं थांबलं की पोट बंद पडतं, आणि मग आमच्या हातात काही राहत नाही. वाळल्या गवताची भरड पाण्यात पातळ कालवून सिरिंजने तोंडात घालायची, दर दोन-तीन तासांनी, ती स्वतः खायला लागेपर्यंत. गुंडाळून पक्कं धरावं लागेल. जमेल?"

"मी नर्स आहे," मी म्हटलं. कधी नव्हे ते सांगताना लाज वाटली.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "मी भरवतो. तुझं एवढ्या कष्टाने जमलंय, ते मोडायला नको." आणि खरंच बसला बिचारा. भागूबाईला छातीशी धरलं, सिरिंज पुढे केली. तिने मान फिरवली, याने हात मागे घेतला. परत तेच. भरड शर्टवर, चष्म्यावर, ढब्बीच्या डोक्यावर. पोटात थेंब नाही.

"मला तिला दाबवत नाही गं."

"दाबायचं नाही, नुसतं धरायचं."

"ते पण नाही जमत."

मग मात्र माझा तोल गेला. "तुम्हाला सगळ्यांशी गोड राहायचंय. कोणाला तरी वाईट व्हायलाच लागतं, आणि ते कायम मीच का?" त्याने तिला खाली ठेवलं आणि सिरिंज माझ्यापुढे केली. मी कपाट उघडून निळा टॉवेल काढला.

तिने टॉवेल ओळखला. मागे सरकली, भिंतीला टेकली. माझ्या तोंडात सवयीने "काही नाही होत" आलं होतं, ते मी गिळलं. "भागूबाई, तुला हे आवडणार नाही," मी म्हटलं. "दुखेल पण. तरी खायचंय." गुंडाळली, धरली, गालाच्या फटीतून थोडं थोडं घातलं. ती माझ्याकडे बघत गिळत होती. तळहातावर पाय ठेवले होते तेव्हाही असंच बघत होती. सगळे कष्ट पाण्यात गेले.

रजा टाकली. दिवसभर तेच चक्र. भरवून झालं की मी टॉवेल सोडायची, आणि ती पळायची नाही. मांडीवर तशीच पडून राहायची, डोळे अर्धे मिटून, अगदी शांत. कानामागे खाजवू द्यायची. हेच तर मागितलं होतं मी. मांडीवर बसलेला, मला बघून न पळणारा जीव. आणि मला ते बघवत नव्हतं. तिच्यात पळायचं बळ नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ होता. "पळ ना गं बये," मी तिला सांगायची. "एवढी छळतेय तुला, तुला राग कसा येत नाही?" ती पडून राहायची. मी परत भरड कालवायला उठायची.

एका दुपारी तिने सिरिंजचं टोक चावलं. मला वाटलं, चुकून. पुढच्या वेळी टॉवेल गुंडाळतानाच आतून वळवळ सुरू झाली. थोडं खाल्लं, मग सिरिंज नाकाने ढकलली, कर्कश किंचाळली, आणि मागच्या पायांनी माझ्या मनगटावर अशी लाथ मारली की ओरखडा उठला. टॉवेलमधून सुटली, फरशीवर घसरली, सावरली आणि तीरासारखी खोक्यात. मी जागच्या जागी बसून राहिले. थोड्या वेळाने आतून गवत कुरुकुरु चावल्याचा आवाज आला.

नवरा शाळेतून आला तेव्हा मी जमिनीवर बसून रडत होते. त्याने मांडीवरचा रिकामा टॉवेल पाहिला आणि त्याचा चेहराच पडला. "सिस्टर, काय झालं?"

"पळाली," मी म्हटलं. "मला लाथ मारून पळाली मेली."

तो माझ्याशेजारी खाली बसला. खोक्यातला आवाज त्यालाही ऐकू आला. आज त्याच्या हातात पेपर नव्हता.

जरा वेळाने मी उठले, टॉवेल धुवायला टाकला, हात धुतले, कोथिंबिरीची काडी घेऊन परत आले. खोक्यापासून लांब बसले, पहिल्या दिवशी बसले होते तेवढ्याच लांब, आणि तळहात जमिनीवर उताणा ठेवला. दारात पांढरं नाक आलं. मला बघितलं मात्र, कुईं करून पार मागच्या कोपऱ्यात.

"घाबर, बाई," मी हळू आवाजात म्हटलं. "पोटभर घाबर. मला घाई नाही."