रंग उजळण्याची मुदत

मार्चमधल्या एका सोमवारी दुपारी समीक्षा बोटीवरून घरी आली, तेव्हा तिची आई सुगंधा पडवीत बसून चण्याचं पीठ आणि हळद साईत कालवत होती. शेजारी नर्मदाआत्या सुपारी कातरत होती. दोघी काहीतरी बोलत होत्या, आणि समीक्षा पायरीवर दिसताच गप्प झाल्या.

समीक्षा पंचवीस वर्षांची. मालवणच्या समुद्रात पर्यटकांना पाण्याखाली नेऊन मासे आणि प्रवाळ दाखवायचं काम ती चार वर्षं करत होती. किनाऱ्यावर हे काम करणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या. शहरातून आलेल्या घाबरट बायका तिलाच मागून घेत. तिने हात धरला की त्यांचा श्वास संथ होई. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने तिचा मुळातला सावळा रंग आणखी गडद झाला होता, आणि तो तिला शोभत होता. हे तिला कोणी कधी सांगितलं मात्र नव्हतं.

"नांदगावसून फोन इलो," आत्या म्हणाली. नांदगावच्या गुरुप्रसादसाठी त्याची आई गेल्या आठवड्यात मुलगी बघून गेली होती. "तेंका चेडू पसंत आसा."

समीक्षाने आईकडे पाहिलं. आई वाटीतच बघत होती.

"पण?" समीक्षाने विचारलं. सहा स्थळं परत गेल्यावर माणसाला 'पण' आधीच ऐकू येतो.

"पण काय नाय गो. गुरुप्रसादाची आवस म्हणता, फोटोत उजळ दिसलेली, समोर बघल्यार काळपट वाटली. झील मे म्हयन्यात सुट्टीवर येतलो. तवसर उनात धाडू नका, घरच्या घरी कायतरी लावा. तो येवन बघतलो आणि मगे साखरपुडो करूया."

"म्हणजे माका मुदत दिल्यानी," समीक्षा हसली. "रंग बदलूक."

सुगंधा हसली नाही. तिने वाटी खाली ठेवली आणि मुलीचा ओला हात धरला. "दोन म्हयने, बाय. दोन म्हयने समुद्रार जाऊ नको. माझ्यासाठी."

परशुराम, समीक्षाचे वडील, पडवीसमोरच्या खळ्यात जाळं सांधत बसले होते. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी जाळ्यातली गाठ दाताने घट्ट केली आणि मान खालीच ठेवली. समीक्षाचा रंग त्यांचाच होता. सुगंधा गोरी होती. मुलगी जन्मली त्या दिवशी सासू म्हणाली होती, "आवशीचो रंग घेवक नाय गो ह्या पोरान!" ते वाक्य पुढे पंचवीस वर्षं बारशात, लग्नात, देवळाच्या पायरीवर कोणा ना कोणाच्या तोंडून सुगंधाच्या कानावर पडत राहिलं होतं. जणू रंग हा घरातला एखादा दागिना होता आणि तिने तो लेकीला द्यायचं चुकवलं होतं.

समीक्षाने बोटीच्या मालकाला फोन करून दोन महिन्यांची रजा सांगितली. आईच्या डोळ्यांतलं पाणी तिला बघवलं नाही, एवढंच.

मग रोजचा नेम सुरू झाला. पहिल्या आठवड्यात चण्याचं पीठ आणि साय. दुसऱ्या आठवड्यात दुधात भिजवून वाटलेली मसूर डाळ. शेजारची सारिका मोबाइलवर व्हिडिओ आणून दाखवायची. तांदळाची कणी आणि मध घेऊन चेहरा घासायचा, संत्र्याच्या साली वाळवून त्यांची पूड लावायची, बटाट्याचा रस कापसाने टिपायचा. सुगंधा काजूच्या कारखान्यातून आली की हात धुऊन आधी पाट्याकडे वळे. ती हळुवार हाताने मुलीच्या गालांवर लेप पसरी, कपाळावरचे केस मागे सारी, मानेच्या घड्यांतसुद्धा बोट फिरवी. समीक्षा डोळे मिटून बसे. लहानपणानंतर आईने एवढा वेळ तिला कुरवाळलं नव्हतं. त्यामुळे तिला ते आवडायचंही, आणि त्याचीच तिला लाज वाटायची.

"घरचाच आसा," सुगंधा म्हणे. "बाजारातला काय नाय. अपाय करूचा नाय."

लेप धुऊन झाला की ती मुलीची हनुवटी उजेडाकडे वळवी आणि बघत राही. ते बघणं समीक्षाला दिवसेंदिवस जड होत गेलं. येणारीजाणारी बाईही थांबून बघे. कोणी म्हणे, "वायच उजाळली हां." कोणी काहीच म्हणत नसे, आणि मग दुसऱ्या दिवशी घासणं जरा जोरात होई.

एप्रिलच्या अखेरीस गालांची कातडी तांबूस आणि कोरडी पडली. साधं पाणी लागलं तरी चुरचुरायची. तरी आत्याने सांगितलं म्हणून लिंबाचा रस आणि साखर सुरू झाली. एके दिवशी सकाळी लिंबू चोळून समीक्षा अंगणात कोकमाची सोलं वाळत घालायला गेली. तासभर उन्हात होती. तीन दिवसांनी तिच्या दोन्ही गालांवर पानांच्या ठशांसारखे तपकिरी डाग उमटले. होता त्या रंगाहून काळे.

नर्मदाआत्याने ते पाहिलं आणि तोंडावर हात घेतला. "आता गो काय करूचा? वीस दिवस रवले."

"माका बोटीर जाऊ दी," समीक्षा म्हणाली. "पुरे झाला आये."

"वीस दिवस," सुगंधा म्हणाली आणि पिठाचा डबा काढायला उठली.

सुगंधा बारा वर्षं काजूच्या कारखान्यात बी फोडायला जात होती. काजूच्या टरफलात तपकिरी, चिकट तेल असतं. ते कातडीला लागलं की जाळतं. म्हणून तिथल्या बायका कामाला बसण्याआधी हातांना खोबरेल आणि राख चोळतात. तरीही हंगाम संपत आला की बोटांची टोकं काळी पडून सोलतात. साप कात टाकतो तशी ती कातडी सुटते, आणि खालून नवी येते.

त्या दिवशी सुगंधा काम सोडून आपल्या अंगठ्याकडे बघत बसली होती. काळी साल अर्धी निघाली होती. खालची कातडी गुलाबी, पांढुरकी, लहान मुलाच्या तळव्यासारखी होती.

मुकादम महादू जवळून जाताना थांबला. "गो सुगंधा, बोटां काय बघतस? जप जरा. ह्या तेल होडयेक लावतत. वाळवी लाकडाच्या वाटेक जाणा नाय. माणसाच्या कातडयेची काय कथा!"

सुगंधाने मान हलवली. संध्याकाळी ती निघाली, तेव्हा तिच्या जेवणाच्या डब्यात मूठभर ओली टरफलं होती.

तिने ती घरी पिळून एका छोट्या बाटलीत तेल काढलं. एक थेंब खोबरेलात मिसळून आधी स्वतःच्या मनगटावर लावला. ती काही निर्दय बाई नव्हती. दोन दिवस वाट पाहिली. बारा वर्षं त्या चिकात मुरलेल्या कातडीला काहीच झालं नाही. नर्मदाआत्यालाही तिने सांगितलं नाही. विचारलं असतं तर कोणीतरी 'नको' म्हणालं असतं.

मंगळवारी सकाळी तिने दह्यात पीठ कालवलं आणि त्यात तीन थेंब टाकले.

"आज वास येगळो येता," समीक्षा म्हणाली.

"आंबेहळद आसा."

आईने तिच्याशी बोललेलं हे पहिलं खोटं होतं. सुगंधाने कपाळ, गाल, नाक, हनुवटी, सगळीकडे सारखा लेप दिला. डोळ्यांभोवतीही दिला, कारण तिथला रंग सगळ्यांत गडद होता.

दुपारपर्यंत चेहरा तापल्यासारखा झाला. समीक्षा ओला पंचा तोंडावर घेऊन पडून राहिली. संध्याकाळी गाल सुजले. "लेप लागू पडता," सुगंधा स्वतःशीच म्हणाली, पण भात शिजवताना ती दोनदा उठून मुलीला बघून आली. सकाळी समीक्षाने हाक मारली, "आये, माका दिसणा नाय!" सुगंधा धावत गेली. मुलीच्या पापण्या फुगून मिटल्या होत्या. गालांवर आणि कपाळावर पाण्याने भरलेले फोड आले होते, आणि काही फुटून उशी ओली झाली होती.

परशुरामांनी शेजाऱ्याला रिक्षा काढायला लावली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी चेहरा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "काय लावलंत?"

"चण्याचं पीठ आणि दही," सुगंधा म्हणाली. दवाखान्यात आल्यावर ती आपोआप पुस्तकी मराठीत बोलू लागली होती.

"आणखी?"

"हळद. घरचंच. सगळं नैसर्गिकच होतं."

"पिठाने असं होत नाही, मावशी. मला खरं कळलं नाही तर औषध चुकेल. डोळ्यांत गेलं असेल तर दृष्टीचा प्रश्न आहे. आणखी काय होतं त्यात?"

खाटेवर समीक्षा पडली होती. तिचा हात आईच्या हातात होता. बंद डोळ्यांनी तिने तोंड आवाजाच्या दिशेला वळवलं. "सांग गो आये. आंबेहळद होती म्हणान सांग."

सुगंधाने दाराकडे पाहिलं. परशुराम दारात उभे होते. पलीकडच्या खाटेवरची बाई मान वळवून बघू लागली.

"काजूच्या टरफलाचं तेल," सुगंधा म्हणाली. "तीन थेंब. मी घातलं. तिला ठाऊक नव्हतं."

समीक्षाचा हात आईच्या हातातून हळूहळू मागे सरकला आणि चादरीखाली गेला.

डोळे वाचले. एकोणीस दिवस ती दवाखान्यात होती. चेहऱ्यावरची साल गेली आणि नवी कातडी आली. तोंडाभोवती पांढुरकी, गालांवर काळसर, कपाळावर दोन्हींची सरमिसळ. डाग वर्षभर तरी राहतील, काही जन्मभरही राहतील आणि चार महिने ऊन अजिबात नको, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं.

मुलगी घरी आली त्या आठवड्यात नांदगावचा फोन आला. गुरुप्रसादची आई मुंबईत राहिलेली, ती शुद्ध बोलायची. नर्मदाआत्याने फोन स्पीकरवर ठेवला. 'कांजिण्या झाल्या म्हणून सांग,' असं तिने सुगंधाला आधीच बजावलं होतं.

"ऐकलं मी, चेहऱ्याची साल गेली म्हणे," पलीकडून आवाज आला. "फार वाईट झालं हो. पण मी विचारत होते, आता नवी कातडी येईल ती उजळ येते ना? तसं असेल तर गुरुप्रसाद गणपतीला पुन्हा येतोय. तेव्हा बघेल. आमची काही घाई नाही."

पडवीत परशुरामही ऐकत होते. आतल्या खोलीत समीक्षा होती आणि दार उघडं होतं. सुगंधाला आपलाच विचार दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकू आला होता. अगदी तोच, आपला अंगठा बघताना आलेला.

"नाय," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"येव नको म्हणान सांगा तेका. माझ्या चेडवाक आता कोणी बघूक येवचा नाय. लगीन करूचा झाला तर ती जायत आणि ती बघीत. आणि कातडी कसली इली म्हणान इचारल्यात मा? माझ्या हातान जाळलली इली."

तिने फोन बंद केला. नर्मदाआत्या उभी राहिली. "तोडलंस गो! सातवा थळ हातचा घालवलंस. आता ह्या तोंडाक कोण करतलो?"

"आक्का, ह्या तोंडाक काय झालेला? बरा होता ता. तुमका आणि माका दिसला नाय." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुमी. तेचो रंग तुमचो होतो. पंचवीस वर्सात एकदा तरी म्हणालात, माझ्या चेडवाचो रंग बरो आसा म्हणान?"

परशुराम उठून आतल्या खोलीच्या दाराशी गेले आणि उंबऱ्यावरच बसून राहिले.

पावसाळा गेला. दिवाळी आली की गावातला बायकांचा बचत गट उटणं करून विकतो. गुळवेल, नागरमोथा, कचोरा, संत्र्याच्या साली, मुलतानी माती सगळं कुटून चाळून पुड्या भरतात. त्या वर्षी शाळेच्या वर्गात बायका जमल्या होत्या. मधोमध छापून आणलेल्या कागदांचा गठ्ठा होता. त्यावर लिहिलं होतं: 'घरगुती नैसर्गिक उटणे. रंग उजळतो.'

सुगंधाने एक कागद उचलला, वाचला आणि ती उभी राहिली. "ह्यी दुसरी ओळ काढा."

"काढली तर घेतलो कोण?" एकजण म्हणाली. "तेच्यासाठीच तर लोक नेतत."

"तेच्यासाठीच मी पण केलंय." आणि मग तिने सांगितलं. नर्मदाआत्याने गावात कांजिण्यांचीच गोष्ट पसरवली होती. तिने टरफलं डब्यात लपवून आणल्यापासून सगळं सांगितलं. वास लपवायला आंबेहळदीचं खोटं बोलली, तेही सांगितलं. रडली नाही. "तेल माझा होता," ती शेवटी म्हणाली. "पण हात माझो एकटीचो नाय होतो. 'वायच उजाळली' म्हणूक तुमी रोज येय होतास."

सारिका आपल्या वर्षभराच्या मुलीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती. तिने हळूच विचारलं, "आता समीक्षा बरी आसा मा गो?"

"बरी आसा. परत बोटीर जाऊक लागली सकाळची. माझ्या हातचा जेवता, माझ्याशी बोलता." सुगंधाने हातातला कागद खाली ठेवला. "पण माझो हात तेच्या तोंडाजवळ गेलो की ती मागे सरता. मुद्दाम करणा नाय गो ती. तेच्या आंगाकच आठवता."

सारिकाने मुलीला खाली ठेवलं, गठ्ठा जवळ ओढला आणि पेनाने पहिल्या कागदावरची दुसरी ओळ खोडली. मग दुसऱ्यावरची. आणखी चौघीजणी पेन शोधून तिच्याशेजारी बसल्या.

दोघीतिघी मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या घरी लग्नाच्या मुली होत्या.