द्रोणातलं पाणी

"आई, पाण्याची कुंडी जडच हवी. रोज रिकामी करायची, गरम पाण्यानं घासायची, साबण नाही लावायचा. बस, इतना ही."

मोहालीजवळच्या खरड गावी राहायला जाताना जाईनं सांगितलेलं हे मला शब्दन् शब्द आठवत होतं. त्यामुळे रविवारी ती काचपेटीसमोर उकिडवी बसली आणि पळसाचा रिकामा द्रोण चिमटीत धरून माझ्याकडे बघू लागली, तेव्हा विसरले असं म्हणायची सोय नव्हती.

"ये क्या है?"

"द्रोण आहे."

"वो दिख रहा है. कुंडी कुठाय?"

"गॅलरीत. धुऊन पालथी घातलीय."

तिनं पेटीत हात घालून केसरला उचललं. केसर म्हणजे तिचा साप. चार फुटी, केशरी, परदेशी जातीचा. त्याचे सरकारी कागदसुद्धा आहेत. तिनं त्याला उलटं केलं. पोटावरचे खवले तपकिरी पडले होते आणि दोन ठिकाणी पाण्यानं भरलेले फोड होते. मग तिनं द्रोणाखालचा नारळाचा भुसा मुठीत घेऊन पिळला. बोटांमधून पाणी आलं.

जाईनं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हापासून, म्हणजे वर्षभर, बापलेकीचं बोलणं नाही. ती वेगळी राहते. तिच्या घरमालकाला साप चालत नाही, म्हणून तो आमच्याकडे. दर रविवारी ती त्याला उंदीर द्यायला येते, कारण ते काम मी करणार नाही हे तिला ठाऊक आहे. उंदीर तिचा, पाणी माझं, अशी वाटणी होती. येते, तासभर थांबते, माझ्या हातचं दोन घास खाते. त्या सापानं मला एवढं दिलेलं आहे.

पण गेल्या रविवारी तिची पाठ वळली आणि यांनी फर्मान काढलं, सापाची कुंडी ओट्यावर यायची नाही, न्हाणीघरातही नाही. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते बरंच वाटलं. चातुर्मासात मी पत्रावळीवर जेवते. सव्वीस सेक्टरच्या बाजारातून आणलेला द्रोणांचा गठ्ठा घरात होताच. रोज नवा द्रोण भरायचा, जुना टाकून द्यायचा. घासणं नको, विटाळ नको. सकाळी बघावं तर द्रोण कोरडा. मला वाटायचं, प्यायला सगळं. देवापुढचा नैवेद्य खरोखरच संपलेला दिसावा तसं मला व्हायचं. आठवडाभर मी त्या रिकाम्या द्रोणाला हात जोडत होते आणि पाणी पानांच्या टाक्यांतून गळून त्याच्या अंथरुणात मुरत होतं.

आवाज ऐकून हे बाहेर आले. जाई समोर बसलेली असूनही बोलले माझ्याशीच.

"तिला सांग, एवढा जीव होता तर सोबत न्यायचा."

"आई, बाबांना सांग, मी त्यांच्याशी बोलत नाहीये."

"तिला म्हणावं, घर माझं आहे. माझ्याशी बोलल्याशिवाय इथं पाणीदेखील मिळत नाही."

"हां, साँप को भी नहीं मिला. वो तो दिख ही रहा है."

ते हसले, पण माझ्याकडे बघून. "बघ. व्रत तुझं, आणि सडलं ते मुकं जनावर."

चौतीस वर्षांच्या संसारात ते पहिल्यांदाच सापाच्या बाजूनं बोलले, तेही मला लागावं म्हणून.

जाईनं पंचकुलातल्या डॉक्टरांना फोटो पाठवले. फोनवर त्यांनी मलम सांगितलं, भुसा काढून कोरडा कागद घालायला सांगितला, आणि पाणी जड भांड्यातच ठेवा, म्हणाल्या. जाईनं फोन ठेवला आणि केसरला परत पेटीत सोडलं.

"मोहालीला माझी एक मैत्रीण आहे. ती ठेवून घेईल याला. उद्याच नेते."

मग रविवारी तू इथं कशाला येशील, हे मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं, आणि ते तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

"आठ दिवस दे मला."

"कशाच्या भरवशावर? एक काम दिलं होतं तुला. एक."

"कुंडी वापरीन. सकाळ-संध्याकाळ घासीन, कागद बदलीन. शब्द देते."

"आणि तुझं सोवळं?"

"ते माझं मी बघते."

तिनं चपला घातल्या. त्या दिवशी ती जेवली नाही. दारातून म्हणाली, "संडे को उसका पेट देखूँगी. फिर बात करते हैं."

ती गेल्यावर हे पंख्याखाली बसले.

"ओट्यावर नाही, न्हाणीघरात नाही, आणि आता गॅलरीच्या नळालाही नाही. सांगून ठेवतो."

"बरं."

"प्लास्टिकचे पेले आण. ते गळत नाहीत. वापर आणि फेक."

"हलके असतात. तो अंगानं ढकलून उलटवतो. पुन्हा ओल."

"मग उलटवू दे. मरेल एकदाचा, तीही यायची थांबेल. घर शांत होईल."

मी वाती वळत होते. हातातली वात तुटली. दुसरी घेतली.

सोमवारी नेहमीसारखी पाचला उठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आंघोळीच्या आधी दुसऱ्या कामाला हात घातला. आधी आंघोळ केली तर सापाची कुंडी घासल्यावर पुन्हा करावी लागली असती, आणि पूजेची वेळ टळली असती. किटलीत पाणी तापवलं. केसर कोपऱ्यात वेटोळं घालून पडला होता. मी कुंडी उचलली तशी त्यानं डोकं वर केलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

दार उघडताना मागून यांचा आवाज आला.

"निघालीस कुठं? खाली, बागेच्या नळावर?"

पूजा होईपर्यंत माझं मौन असतं. त्यांना ते माहीत आहे. म्हणूनच ते तेव्हा बोलतात.

"तीन मजले. लिफ्ट नाही. दिवसातून दोनदा. आणि उद्या गुडघा धरून बसलीस की मला हाक मारू नकोस. सगळी सोसायटी बघेल, इन्स्पेक्टरसाहेबांची बायको सापाची भांडी घासतेय."

मी कुंडी पोटाशी धरली. दुसऱ्या हातात गरम किटली होती, त्यामुळे कठडा धरायला हात उरला नाही. जिन्यातला दिवा गेलेला होता. पायानं पुढची पायरी चाचपली, मग त्यावर भार टाकला. मग त्याच्या पुढची.