एका दिवसाचं कुंकू

आमची सगळी चाळ तिला दगडूची बोट म्हणायची, जणू कंपनीने ती त्याच्या नावावरच करून दिली होती. खरं म्हणजे दगडू साधा खलाशी. कोकणात जाणाऱ्या एका जुन्या आगबोटीवर दोर टाकायचा, दोर ओढायचा, आणि भाऊच्या धक्क्यावर उतरून चालत काळाचौकीला घरी यायचा. मग कंपनीने विलायतेत नवी बोट बांधायला टाकली. ती तयार झाल्यावर इकडे आणायला मुंबईहून काही माणसं पाठवली, त्यांत दगडूचं नाव आलं. त्याचा बाप गुणाजी गिरणीत सांच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होता. सांच्याच्या खडखडाटात तोंड मिटून आयुष्य काढलेला हा माणूस, आता नळावरच्या बायकांनासुद्धा थांबवून सांगू लागला, की बोट केवढी, मजले किती, वरच्या मजल्यावर वारा कसा लागेल. न बघितलेल्या बोटीचं एवढं वर्णन मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

"गुणाजीदादा, बोट तुम्ही बांधलात की इंग्रजान?" मी विचारायची. तो लाजायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचा. शिमग्याला याच बोटीने गावी जायचं, लेक खाली दोरावर आणि आपण वर बाकावर, हे त्याने ठरवून टाकलं होतं.

मी अंबिका, त्यांची शेजारीण. आमच्या खोल्यांमध्ये एक भिंत होती, तीही अर्धी फळ्यांची, त्यामुळे त्या घरातलं मला ऐकू येत नव्हतं असं काही नव्हतं. गुणाजीची बायको रखमा माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी. तिची आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली, म्हणून तिसऱ्याचं नाव दगडू ठेवलं. दगड समजून तरी देवाने हा सोडावा. देवाने सोडला, पण मग रखमाने काही सोडला नाही. तेवीस वर्षांचा घोडा झाला तरी तो जेवला का, निजला का, पायात काय घातलंय, याच्यावर तिचा डोळा.

जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही अशी बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. गिरण्या बंद, दुकानं बंद, रस्त्यावर दगड आणि गोळ्या. त्या दिवसांत शहाणा माणूस गॅलरीतही उभा राहत नव्हता. गुणाजीला मात्र कंपनीच्या हापिसात जायचं होतं, बोट विलायतेहून सुटली का ते विचारायला. रखमाने दारात अडवलं.

"गिरण बंद. घरात बसान काय करू?" तो म्हणाला आणि गेला.

नाक्यावरसुद्धा पोचला नाही. मोर्चात नव्हता, घोषणा दिली नव्हती, हातात झेंडा नव्हता. छातीत पोलिसांची गोळी लागून पडला. पुढे लोकांनी त्याला हुतात्मा म्हटलं, हार घातले. म्हणोत बापडे. माझ्या लेखी तो मुलाची बोट विचारायला निघालेला बाप होता, आणि त्याला मारणाऱ्याला मी आजही शिव्या देते.

मुलगा तिकडे बोटीवर, म्हणून पुतण्याने अग्नी दिला. राधाबाई ही आमच्या चाळीतली सगळ्यांत जुनी विधवा, आणि सगळ्या चाळीची आपणहून झालेली सासू. तिने रखमाच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, गळ्यातली पोत तोडली. रखमाला बघायला येणारी प्रत्येक बाई दगडूला कळवलं का म्हणून विचारायची, आणि ती मान हलवून नाही म्हणायची.

तेरावं झाल्यावर मी तिला घेऊन कंपनीच्या हापिसात गेले. तिथे श्यामकांत नावाचे कारकून होते, ठाकूरद्वारला राहणारे, स्वच्छ धोतर, हळू बोलणं. आमच्यासारख्यांना खुर्ची देणारा कारकून मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"बोट सुएझच्या अलीकडे आली आहे, रखमाबाई," ते म्हणाले. "आता अदनला थांबेल. तुमची इच्छा असेल तर तिथल्या एजंटाला तार करतो. तो मुलाला बाजूला घेऊन नीट सांगेल."

"नको," रखमा म्हणाली. तिला विचारही करावा लागला नाही.

बाहेर आल्यावर मी तिला बोलले. परक्याच्या तोंडून का होईना, कळायला नको का? बाप आहे त्याचा.

"पाण्यावरच्या माणसाक रडूक जागा नसता, अंबिका," ती म्हणाली. "हयसर येऊंदे. माझ्या कुशीत येऊंदे. मगे मी सांगतलंय."

ज्याचं जळतं त्याला कळतं.

पण बोट यायचं नाव घेईना. नव्याकोऱ्या यंत्रात काय बिघडलं कोण जाणे, अदनला ती अडकून पडली. रखमा एक दिवसाआड हापिसात जायची आणि श्यामकांत दर वेळी तेच सांगायचे, अजून तिथेच आहे. राधाबाईने लगेच निदान केलं की बोटच अपशकुनी, मुंबईला लागायच्या आधीच माणूस खाल्लं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तेवढं ऐकून रखमा पहिल्यांदा रडली.

अखेर बोट अदनहून सुटल्याची बातमी आली, आणि त्याच संध्याकाळी रखमा माझ्या दाराशी येऊन बसली. तिला एक नवीनच घोर लागला होता. आम्ही कोकणातली माणसं, धक्का आम्हाला अंगणासारखा ठाऊक. बोट समोर दिसते, कठड्याला उभा माणूस ओळखू येतो, पण धक्क्याला लागेपर्यंत जो वेळ जातो, तो जाता जात नाही. वाऱ्यात आणि भोंग्यात शब्द पोचत नाही. दिसतं सगळं, बोलता काही येत नाही.

"तो माझो कपाळ बघतलो," ती म्हणाली. "आणि तेच्या हातात दोर असतलो."

दगडूच्याच जुन्या बोटीवर, धक्क्याला लागताना, एका खलाशाचं लक्ष क्षणभर दुसरीकडे गेलं होतं आणि ताणलेल्या दोराने त्याचा हात कोपरापासून नेला होता. ती गोष्ट दगडूनेच घरी सांगितली होती. तेव्हापासून रखमाच्या स्वप्नात दोर यायचा. आता तिने ठरवलं होतं, की बोट लागेल त्या दिवशी कपाळावर कुंकू, हातात बांगड्या आणि गळ्यात पोत घालून धक्क्यावर उभं राहायचं. एक दिवस. तो उतरून जवळ आला, की सांगायचं आणि पुसून टाकायचं.

आधी माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. माझा नवरा जिवंत होता, आणि असल्या गोष्टींची आम्हाला भीती वाटायची. पण मग मला तिचं पटलं. मी तिच्या बाजूने उभी राहिले आणि अजूनही आहे.

लालबागचा कासार तिला ओळखत होता, तो बांगड्या भरणार नाही. म्हणून आम्ही हिंदमाताला गेलो, जिथे साड्यांच्या दुकानांच्या गर्दीत कोण कुणाला विचारतो. मी आधी हात पुढे केला, मग तिने. म्हातारा कासार हसतमुख होता. हिरव्या बांगड्या एकेक दाबून चढवताना म्हणाला, "हात अगदी उघडा ठेवलात, आई. मालक रागावत नाहीत?"

"नाय," रखमा म्हणाली.

बांगड्या भरल्यावर कासाराला नमस्कार करायचा असतो. ती वाकली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून अखंड सौभाग्यवती हो म्हणून आशीर्वाद दिला. ती वाकलेली तशीच राहिली, बराच वेळ, आणि शेवटी मीच तिला दंडाला धरून उठवलं. हिंदमाताहून काळाचौकीपर्यंत ती हात पदराखाली झाकून चालली.

बोट लागायच्या सकाळी राधाबाई जिन्यात आडवी उभी राहिली. तिच्यामागे चार बायका. चांगल्या कामाला कधी एकत्र न येणाऱ्या.

"पुसलेला कुंकू परत लावतंस? गुणाजीच्या आत्म्याक काय वाटात?"

"तेका काय वाटात ता माका म्हायत आसा," रखमा म्हणाली. "तेच्यावांगडा तीस वर्सा मी काढलंय, तुम्ही नाय. वाट सोडा."

राधाबाईने वाट सोडली. तिला कुणी असं बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि मला आनंद झाला.

धक्क्यावर कंपनीचे साहेब, हार, नारळ, पताका. श्यामकांतांनी आम्हाला अगदी पुढे, दोर बांधायच्या लोखंडी खुंटाजवळ उभं केलं. त्यांनी रखमाच्या कपाळाकडे एकदा पाहिलं, त्यांना सगळं कळलं, आणि ते दुसरीकडे बघू लागले. मग बोट दिसली. पांढरीशुभ्र, गुणाजीने सांगितली होती तेवढी मोठी नव्हती, पण सुंदर होती. ती इतकी हळू येत होती की पाणीच तिला आणतंय असं वाटावं.

"थंय बघ," रखमाने माझा हात दाबला. दगडू पुढच्या बाजूला कठड्याशी उभा होता, डोक्याला कानटोपी, हातात दोराचं वेटोळं. वाळला होता. तो धक्क्यावरची तोंडं एकेक करून बघत होता, आणि त्याचा चेहरा दगडासारखाच होता. मग त्याला रखमा दिसली.

तो आधी नुसता बघत राहिला. डोळ्यांवर हात धरून पुन्हा पाहिलं. रखमाने हात वर केला, तशा बांगड्या मनगटावरून खाली घसरल्या. आणि दगडूचं सगळं तोंड फुललं. तो ओरडायला लागला. पहिल्यांदा काही कळलं नाही, मग वारा पडला आणि ऐकू आलं.

"आये! बाबा खंय?"

त्याने डोक्यावरची टोपी काढून हवेत उडवली. डोकं भादरलेलं होतं. केस नुकते कुठे खुंटासारखे उगवलेले. तो स्वतःच्या त्या डोक्यावर चापट्या मारत हसत होता, शेजारच्या खलाशांना ओढून आमच्याकडे बोट दाखवत होता, आणि ते त्याच्या पाठीवर थापा मारत होते.

रखमाचा हात वर होता तो तसाच राहिला.

"हेका म्हायत होता," ती म्हणाली. "अंबिका, हेणा बापाचे केस काढल्यान."

मलाही त्याच क्षणी कळलं. बोट अदनला अडकली होती, तिथेच त्याला कळलं होतं. तो एकटाच रडला होता, तिथल्या कुठल्या तरी न्हाव्याकडून केस काढून घेतले होते, तेराव्याचं जे काय मनाने करता येतं ते केलं होतं. बाप गेला हे मनाशी धरून तो आईला भेटायला येत होता. आणि आम्ही धक्क्यावर उभं राहून त्याला सांगितलं, की बाप जिवंत आहे.

"पूस," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता पूस, रखमावयनी."

तिने पदर उचललासुद्धा. मग बोटीकडे पाहिलं. दगडूने दोराचं वेटोळं फेकायला उचललं होतं.

"दोर आसा तेच्या हातात," ती म्हणाली. पदर खाली सोडला आणि उभी राहिली.

तो वेळ मी विसरणार नाही. बोट तसूतसूने जवळ येत होती, आणि तो दोर फेकताना हसत होता, ओढताना हसत होता. मला वाटत होतं बोटीने परत फिरावं, अदनला जावं, कुठेही जावं. रखमा त्याच्याकडे बघून मान डोलवत होती. कशी डोलवत होती ते देवच जाणे.

फळी लागली तसा साहेबांच्या हारांमधून वाट काढत तो धावत आला आणि आईच्या पायांवर डोकं ठेवलं. उठून एका श्वासात बोलू लागला.

"आये, अदनाक आमच्या वाडीतलो एक भेटलो, दुसऱ्या बोटीवरचो. म्हणालो, तुझो बापूस गोळीन गेलो. मी थंयच केस काढलंय. फटयल्यान गो माका मेल्यान. बाबा खंय? गिरणीत गेलेहत?"

रखमाने दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं.

"तेणा फटवक नाय, झिला. खरा सांगल्यान."

त्याला समजायला वेळ लागला. हसू लगेच गेलं नाही, तोंडावर तसंच राहिलं, आणि डोळे तिच्या कपाळावरून गळ्यातल्या पोतीकडे, तिथून हातांकडे गेले. मग त्याने तिचे हात आपल्या तोंडावरून काढले. हळूच काढले, पण काढले.

"मगे ह्या कुंकू कोणासाठी?" त्याने विचारलं.

सगळ्या चाळीला उत्तर देऊन आलेली रखमा त्याच्याकडे बघत राहिली. मीच सांगायला तोंड उघडलं, तर तिने मान हलवून मला थांबवलं. दगडू पुन्हा विचारत होता.