खोपीसाठी वीज

आर्डिस ट्वेटला नवऱ्याला आता एकदाच विचारायचं उरलं होतं, आणि नेमकं तेच तिच्या तोंडून निघत नव्हतं.

तामारॅक तळ्याकाठच्या लोकांची रीत अशी, की कुणी काही विचारलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा "आता एवढं म्हणताच आहात तर" असं पुटपुटत हो म्हणायचं. मग कॉफीचा दुसरा कप असो, नाहीतर छपरावरचा बर्फ ओढायला मदत असो. पहिले दोन नकार कुणी मनावर घेत नाही. तिसरा मात्र खरा. तिसऱ्यांदा नको म्हटलं की विषय संपला, तो पुन्हा काढणं म्हणजे शुद्ध असभ्यपणा. ही रीत कुणी घातली देव जाणे, पण तिच्यापायी या गावात किती जण ताटावरून अर्धपोटी उठले असतील याची गणती नाही.

ऑर्लिनला तिनं पहिल्यांदा विचारलं ते डिसेंबरात. तळं फूटभर गोठलं होतं आणि शेजारच्या लायलनं तिच्या सांगण्यावरून त्यांची मासेमारीची हिरवी खोपी ट्रकला बांधून बर्फावर नेऊन ठेवली होती. "यंदा जायचं का रे खोपीत?" आर्डिसनं सहज विचारल्यासारखं विचारलं. "नको गं, कशाला," ऑर्लिन म्हणाला. दुसऱ्यांदा विचारलं नाताळात, लोणी-साखर लावलेला लेफ्सा, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, त्याच्या हातात देताना. तेव्हा नाकातल्या नळीला बोट लावून तो म्हणाला, "हे लटांबर घेऊन? नको."

चाळीस वर्षं कागदाच्या गिरणीत काढली होती त्यानं. गिरणीनं त्याला निवृत्तीचं घड्याळ दिलं आणि छातीत भुसा दिला. दोन वर्षांपासून घरात ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं आणि पन्नास फुटांच्या नळीच्या टोकाला ऑर्लिन फिरत होता. खुर्चीपासून स्वयंपाकघरापर्यंत नळी पुरायची, धुण्याच्या खोलीपर्यंत नाही. ज्या माणसानं पन्नास हिवाळे बर्फाला भोक पाडून त्यावर बसून काढले, तो आता खिडकीत बसून दुर्बिणीतून अर्ध्या मैलावरच्या स्वतःच्याच खोपीकडे बघायचा. आर्डिसला ते बघवत नसे.

तिसऱ्यांदा विचारायला ती घाबरत होती ती एवढ्याचसाठी. बर्फावर वीज नाही. आता विचारलं तर तो म्हणणार, "मशीन कशावर चालवशील?" आणि तिच्याकडे उत्तर नाही. म्हणजे तिसरा नकार, म्हणजे कायमचा. तेव्हा आधी विजेची सोय करायची, मगच तोंड उघडायचं, असं तिनं ठरवलं.

"मी चर्चमध्ये गोधड्या शिवायला जातेय," असं ऑर्लिनला सांगून ती ट्रूडीच्या दुकानात गेली. ट्रूडीकडे जिवंत आमिषापासून खिळ्यांपर्यंत सगळं मिळे, आणि सल्ला फुकट.

"खोपीत वीज हवीये," आर्डिस म्हणाली.

"टीव्हीला का? हल्ली सगळे तळ्यावर जाऊन टीव्हीच बघतात. मासे बिचारे वाट बघून कंटाळतात."

"ऑर्लिनच्या मशीनला."

ट्रूडीच्या हातातली जाळी टाकीतच राहिली. "येतो म्हणाला?"

"अजून दोनदाच विचारलंय."

"बरं," ट्रूडी म्हणाली. तिला पुढचं सांगायची गरज नव्हती. "आणि उबेचं काय? तुमच्या खोपीत ती लाकडाची शेगडी आहे ना? ऑक्सिजनशेजारी जाळ चालायचा नाही."

"नर्स म्हणाली, दहा फूट लांब ठेवा. अगं, खोपीच आठ बाय दहाची! शेगडी लांब ठेवायची तर तळ्याच्या तळाशी ठेवावी लागेल."

ट्रूडी खिदळली. मग तिनं डिझेलवरचा एक हीटर दाखवला. पेटी खोपीबाहेर राहते, जाळही बाहेर, आणि पाइपातून नुसती गरम हवा आत येते. पण त्याच्या पंख्यालाही थोडी वीज लागतेच. "लायलचा जनरेटर माग," ट्रूडी म्हणाली. "पैसे खर्च करायच्या आधी फुकटातलं बघ."

मागायची वेळच आली नाही. लायलनं आपणहून देऊ केला. आर्डिसनं दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतला, सगळं रीतसर झालं. दुपारी खोपीबाहेर तिनं तो सुरू केला मात्र, कानठळ्या बसल्या. ऑर्लिन जन्मभर जनरेटरवाल्यांना शिव्या घालत आला होता. बर्फ तडकतो, हुंकारतो, ते ऐकत बसायला तर तो तळ्यावर यायचा. तरी तिनं म्हटलं असतं, असू दे. पण तासाभरात वारा फिरला आणि धूर दाराखालून आत शिरला. तिच्या धडधाकट छातीलाही ठसका लागला. तिनं जनरेटर बंद केला आणि लायलच्या अंगणात परत नेऊन ठेवला.

"सोलर पॅनल?" तिनं ट्रूडीला विचारलं.

"जानेवारीत? आमच्याकडचा सूर्य सकाळी आठला डोळे चोळत येतो आणि साडेचारला दुकान बंद करतो. एक पॅनल उसनं देते, जोडीला म्हणून ठेव. पण भिस्त बॅटरीवर. गाडीची जुनी जड बॅटरी घेऊ नकोस, थंडीत निम्मी होते. ही लिथियमची घे. महाग आहे, पण तू उचलू शकशील."

आर्डिसनं ती घेतली, खोपीत नेऊन ठेवली आणि रात्रभर तिथंच राहू दिली. त्या रात्री पारा शून्याखाली वीसवर उतरला. सकाळी पॅनल लावून बघते तर बॅटरीवर लाल दिवा. तार बदलली, पुन्हा लाल. बॅटरी वीज घ्यायलाच तयार नाही. उपड्या बादलीवर बसून आर्डिस रडली. हातमोजे घातले होते म्हणून नाकही धड पुसता येईना. बॅटरीसाठी कोण रडतं? पण तिला वाटलं, आपण ऑर्लिनची शेवटची संधी रात्रभर थंडीत टाकून मारली.

"मेली नाही गं ती, गारठलीये," ट्रूडी फोनवर म्हणाली. "थंडीत ती वीज देते, पण घेत नाही. घेतली तर बिघडेल म्हणून स्वतःच दार लावून बसते. तिला रोज घरी ने, उबेत झोपव, तिथंच चार्ज कर."

मग आर्डिसचा दिनक्रमच झाला. बॅटरी गोधडीत गुंडाळायची, गाडीत शेजारच्या सीटवर ठेवून पट्टा लावायचा, आणि मागल्या दारानं धुण्याच्या खोलीत न्यायची. तिथं ऑर्लिनची नळी पोचत नव्हती. एक दिवस तर तिनं बॅटरीला "आलो हं घरी" म्हटलं आणि स्वतःशीच ओशाळली.

शेवटची परीक्षा राहिली होती. बाहेर जाताना वापरायचं ऑर्लिनचं लहान मशीन कपाटात पडून होतं. ते शिवणाच्या पिशवीत घालून तिनं एका गुरुवारी सकाळी नऊला खोपीत नेलं, बॅटरीला जोडलं, हीटर लावला, आणि नळी ऑर्लिनच्या खुर्चीच्या पाठीवर टाकली. मशीन रिकाम्या खुर्चीला फुस्स, फुस्स करून श्वास देत राहिलं. दर तासाला ती बॅटरीवरचा आकडा बघायची. बारा वाजले. दोन वाजले. तीन वाजता बॅटरी अजून निम्मी भरलेली होती आणि आत ती स्वेटर काढून बसली होती. आज संध्याकाळी विचारायचं, तिनं ठरवलं. आजच.

तेवढ्यात बाहेर ट्रकचा आवाज आला, कुणीतरी खोपीच्या तळाशी कुदळीनं बर्फ फोडू लागलं आणि खोपी हादरली. तिनं दार उघडलं. हातात साखळदंड घेऊन लायल उभा.

"अगं बाई, तू आत आहेस होय!" लायल दचकला. "म्हटलं, गाडी इथं ठेवून कुठं गेली."

"काय करतोयस तू?"

लायलनं टोपी काढली, पुन्हा घातली. "खोपी न्यायला आलोय. माझ्या जागेवर. ऑर्लिननं दिली मला."

"कुणी?"

"ऑर्लिननं. सोमवारी म्हणाला, घेऊन जा. मी म्हटलं, छे. मंगळवारी फोन केला, मी म्हटलं, बिलकूल नाही. काल तिसऱ्यांदा म्हणाला. तिसऱ्यांदा गं, आर्डिस! माणसानं करायचं तरी काय?"

तिच्या मागून आतलं मशीन फुस्स, फुस्स ऐकू येत होतं. लायलनं आत डोकावून पाहिलं, खुर्ची, नळी, बॅटरी, आणि त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. "हे... घे ना परत. तूच ठेव. खरंच."

"आत्ता तीनदा म्हणत बसायला वेळ नाही, लायल. घेतली परत. कुदळ ठेव आणि आतल्या वस्तूंवर लक्ष ठेव." आणि ती गाडीत बसली.

ऑर्लिन खिडकीतच होता. दुर्बीण मांडीवर.

"तू खोपी देऊन टाकलीस," आर्डिस दारातूनच म्हणाली. बुटांचा बर्फ झटकायचं ती विसरली.

"हं."

"मला न विचारता."

"तुला अवघड वाटू नये म्हणून," तो म्हणाला. मोठं वाक्य त्याला एका दमात जमत नसे. "रोज तिकडे जात होतीस. गोधड्या म्हणून सांगून. दिसत होतं मला. वाटलं, विकायला रिकामी करतेयस. माझ्यासमोर बोलवत नसेल. म्हणून मीच..."

"विकायला? मी?"

"तू दोनदाच विचारलंस, आर्डिस." तो खिडकीकडे बघत म्हणाला. "नाताळानंतर एक महिना थांबलो. दोनदा विचारून माणूस थांबलं, म्हणजे त्यानं नुसतं मन राखायला विचारलेलं असतं. बरोबरच आहे म्हणा. मशीन, नळ्या... कोण ओढत नेईल मला तिथं."

आर्डिस खाली बसली, त्याच्या पायांशी, बर्फाळलेल्या बुटांनिशी. एक महिना हा माणूस या खिडकीत बसून तिच्या तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत होता, आणि एक महिना ती गावभर वीज शोधत हिंडत होती.

"अरे शहाण्या," तिला हसू आणि रडू एकदमच आलं, "तू नको म्हणशील म्हणून विचारत नव्हते मी! जनरेटर आणला, परत दिला. बॅटरी आणली, ती गारठली. तिला तान्ह्या पोरासारखी रोज घरी आणून झोपवतेय. धुण्याच्या खोलीत. तुझी नळी पोचत नाही तिथं."

ऑर्लिन खिडकीकडून तिच्याकडे वळला. "ती गोधडी?" त्यानं विचारलं. "गाडीतली. पट्टा लावलेली. मला वाटलं, तू कुणाचं कुत्रं सांभाळतेयस."

"ऑर्लिन ट्वेट," ती म्हणाली, "खोपीत येतोस का? तिसऱ्यांदा विचारतेय."

"येतो," तो म्हणाला. जास्त त्रास नसेल तर, वगैरे काही नाही.

शनिवारी लायलनं आपला ट्रक थेट खोपीच्या दाराला लावला आणि ऑर्लिनला जवळजवळ उचलूनच आत नेलं. चार पावलांत ऑर्लिनला धाप लागली. दहा मिनिटं तो खुर्चीत डोळे मिटून नुसता बसून राहिला आणि आर्डिसला वाटलं, आपण हे काय करून बसलो. मग त्याचा श्वास मशीनच्या तालावर आला. त्यानं डोळे उघडले, भोकावरची बर्फाची पातळ साय झाऱ्यानं काढली आणि गळ सोडला.

संपूर्ण दुपार एकही वॉलाय मासा फिरकला नाही. एक बोटभर पर्च लागला, तोही ऑर्लिननं त्याची चौकशी करून सोडून दिला. आर्डिसनं थर्मासमधली कॉफी ओतली. ऊन उतरायला लागलं तसा बर्फ लांबवर कुठेतरी तडकला आणि तो आवाज त्यांच्या पायांखालून पलीकडच्या काठापर्यंत धावत गेला. ऑर्लिननं मान कलती करून तो शेवटपर्यंत ऐकला. जनरेटर असता तर हे ऐकूच आलं नसतं.

"बॅटरी किती राहिली?" त्यानं विचारलं.

"अर्ध्याहून जास्त. पण अंधाराच्या आत लायल येईल."

त्यानं मान हलवली. भोकातल्या काळ्या पाण्यातून तो गळ वर ओढू लागला. आर्डिसनं कप धुऊन पिशवीत ठेवले, झारा पुसला. बाहेर ट्रकचे दिवे दिसू लागले.

"आर्डिस," ऑर्लिन म्हणाला, "मला उद्या पण यायचंय."

तिनं पिशवीतून मान वर केली. एक्कावन्न वर्षांच्या संसारात या माणसानं कधी मीठसुद्धा मागून घेतलं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर तो मिठाकडे बघायचा आणि ती पुढे सरकवायची.

"आणि परवा पण," तो म्हणाला. "रोज. जमेल तोवर."

"आणेन," आर्डिस म्हणाली, आणि बॅटरी काढून गोधडीत गुंडाळायची वेळ होईपर्यंत त्याचा हात हातात धरून बसली.