स्वयंपाकघरातला स्पीड

शेवटच्या साध्या दिवशी बाबा अकोल्याच्या घरात नवा फोन घेऊन खोलीखोलीतून इंटरनेटचा स्पीड मोजत फिरत होते. मी अमरावतीहून सुट्टीला आले होते. राऊटर बैठकीत. तिथे माझ्या लॅपटॉपला वायर लावली तर शंभरच्या जवळ, बाबांच्या फोनवर वायफायने ऐंशी. बाबा खूश. मग मागच्या स्वयंपाकघरात गेलो. बाबांच्या फोनवर आठ, आईच्या तडकलेल्या जुन्या फोनवर तीस.

"पाय वं गीता, माह्या डब्ब्यानं तुह्या बाबाच्या नवरदेवाले हरवलं!" पोळी लाटता लाटता आई हसली.

मी समजावलं. नवा फोन राऊटरच्या वेगवान लहरी धरून बसतो आणि त्या भिंतीत अडतात. जुन्याला फक्त संथ लहरी कळतात, त्या भिंतीपार येतात. बाबाही हसले. ते हसले म्हणून मी निश्चिंत मनाने परतीची गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी आमच्या फुलांच्या दुकानातून घरी आल्यावर आईने व्हिडिओ कॉल लावला. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला.

"दुकानात बाळापूरची जाईबाई झेंडू घेऊन आली होती. तिले फोनची गंमत सांगतली, तं गिऱ्हाइकंबी हासून राहिले होते."

तिच्या मागे बाबा आले.

"चार लोकांत माही इज्जत काढून राहिली?"

पहिली थप्पड. आई ओट्यावर आदळली. त्यांनी तिचे केस धरले आणि खलातला लोखंडी बत्ता उचलला. चित्र एकदाही अडकलं नाही. आवाज मागेपुढे झाला नाही. कानाच्या वर बत्ता बसला तेव्हा आईचा हात पिठात होता. मी ओरडले. बाबांनी आवाज कुठून येतो ते पाहिलं, फोन सापडला, त्यांनी तो पालथा घातला. मग नुसते घाव ऐकू येत राहिले.

मी शेजारच्या शकुनमावशीला फोन केला. तिने लोक जमवून आईला दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा आई गेली होती.

बाहेर हवालदार विचारत होता. बाबांच्या बाहीवर रक्त वाळलं होतं.

"मोरीत घसरली," बाबा म्हणाले.

नातेवाइकांनी माना हलवल्या. आईचं मनगट मोडलं तेव्हाही मोरीच होती. दात पडले तेव्हा जिना. आमच्या घरात हेच सांगायची रीत होती आणि कोणी पुढे विचारत नसे.

"पोरगी शिकेल हाय, तिले इचारा," बाबा माझ्याकडे बघत म्हणाले. मी पाहिलंय हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांचा भरवसा होता.

शकुनमावशीने माझं कोपर दाबलं. "माय तं गेली वं गीता. बाप तरी राहू दे."

हवालदाराने विचारलं, "ताई, घसरल्या ना त्या?"

"नाही," मी म्हणाले. "बाबांनी बत्त्याने मारलं. मी पाहिलं. आई मोरीत कधीच पडली नव्हती. दर वेळी बाबाच मारायचे."