कापूस कुणाचा

सूनबाई हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते, हे गिरणीवाल्या बाईंना मुळीच खपत नव्हतं. मुलगाही तिच्याच वळणावर गेलेला. बाईंनी उभा जन्म पिठाच्या गिरणीच्या धडधडाटात काढला. बोलायचं ते रस्त्यापर्यंत जाईल असं. ज्याला लपवायचं असतं, त्यानं आवाज खाली आणावा!

त्यात आता कापूस. पांढरा, कुरळा, मांजराएवढा कुत्रा. आणला सुनेनं, निस्तरला बाईंनी. कानामागच्या गाठी आधी बोटांनी सोडवायच्या, मग कंगवा. डोळ्यांखालचे डाग ओल्या फडक्यानं टिपायचे. दुसऱ्या कुणी कंगवा उचलला, की स्वारी पलंगाखाली. घरात आपलं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं, आणि ही बया तेच फितवायला निघालेली.

आज दुपारी बाई झोपेचं सोंग घेऊन पडल्या, आणि मग खोलीच्या दाराच्या फटीला डोळा लावला. सून उंबऱ्यात उभी राहून हात बाहेर घालून बेलचं बटण दाबत होती. कापूस धावत जाऊन बाईंच्या रिकाम्या खुर्चीवर पंजा मारायचा, मग दाराकडे पळायचा. की लगेच बिस्किटाचा तुकडा. पुन्हा बटण, पुन्हा तुकडा.

"बंद पडलेली बेल कसली दाबतेस गं?"

सून दचकली. "चालू आहे, आई."

"मला खुळी समजतेस? खाऊ घालून त्याला माझ्यापासून तोडतेस!"

सुनेनं बाईंचा हात धरून भिंतीवरच्या बेलच्या डबीवर ठेवला आणि बटण दाबलं.

डबी तळहाताखाली थरथरली. गिरणी सुरू झाली, की पायाखालची फरशी अशीच थरथरायची.

"परवा गॅसवाला दोनदा बेल वाजवून परत गेला," सून कानाशी येऊन म्हणाली. "आणि काल तो पुन्हा आला, तर तुम्ही त्याला खोटारडा म्हणालात."

बाई खुर्चीत बसल्या. कापूस सुनेच्या हातातलं बिस्किट सोडून आला आणि त्यांच्या गुडघ्यावर पंजा ठेवून दाराकडे बघू लागला. बाईंनी कंगवा घेतला. त्याच्या दाढीतला चुरा बराच वेळ विंचरून काढला.

"बिस्किटं बंद. केसांत गुंता होतो." मग मान वर न करता म्हणाल्या, "आणि त्याला शिकवायचं ते माझ्यासमोर शिकव. माझ्या पाठीमागे काही नको. जे बोलायचं ते तोंडावर बोल. आणि मोठ्यानं बोल."