पाडलेला स्विच

माझं डोकं गरम आहे, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, "तुम्ही वायरमन झालात तेच बरं, अंगात मुळातच करंट आहे." तीस वर्षं हे काम करतोय. तेवढ्या काळात वायरींपेक्षा माणसांनीच मला जास्त चटके दिलेत, आणि त्यातले निम्मे सासरच्यांनी.

त्या दिवशी दुपारी धाकट्या मेहुण्याचा फोन आला. "दाजी, भिंतीला हात लावला की झिणझिण्या येतायत. बायको तर फेकली गेली. लवकर या, नाहीतर मी याला..." पुढे काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि फोन बंद.

"याला" म्हणजे थोरल्याला, त्याच्या सख्ख्या भावाला. एकाच जुन्या घरात राहतात दोघं. खाली थोरला, धंद्याने शिंपी. वर पत्र्याखाली धाकटा, रंगारी. पत्रा गळतो. ते पाणी वरच्या भिंतीतून खालच्या भिंतीत उतरतं आणि घराची सगळी वायरिंग नेमकी त्याच भिंतीत. थोरला म्हणतो, पत्रा तुझ्या डोक्यावर आहे, तू दुरुस्त कर. धाकटा म्हणतो, घर दोघांचं तर पत्राही दोघांचा. सात वर्षं हेच चाललंय. सात वर्षांत या दोन शहाण्यांनी मिळून एक भोक बुजवलेलं नाही.

शेवटी मागच्या वर्षी मीच तिथे ट्रिप स्विच बसवला. वीज नको तिथे पाझरायला लागली की तो आपोआप पडतो आणि घरभर लाईट जाते. बसवताना दोघांना समोर उभं करून बजावलं होतं, "हा पडला की याला शिव्या द्यायच्या नाहीत. वर पत्र्याकडे बघायचं." कसलं काय! पाऊस आला की स्विच पडायचा, थोरल्याची मोटारवरची शिलाई मशीन बंद पडायची, आणि पत्र्याकडे बघायचं सोडून हा पट्ठ्या धाकट्याच्या अंगावर धावून जायचा.

मी आणि बायको पोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. दार सताड उघडं. आत शिवायच्या टेबलाशी दोघं भाऊ एकमेकांना भिडलेले. धाकट्याच्या कपाळातून रक्त वाहत होतं आणि थोरल्याच्या हातात कापडाची मोठी कात्री होती. धाकट्याने त्याचं मनगट धरून टेबलाच्या कडेवर आपटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. कात्री पडली. थोरल्याने डोकं खाली घालून त्याच्या तोंडावरच धडक दिली.

"मेल्यांनो, आई जाऊन वर्षं झाली तरी तिला सुखाने राहू देणार नाही का रे!" बायको किंचाळली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी थोरल्याची कॉलर मागून धरली आणि त्याला कापडाच्या गठ्ठ्यांवर भिरकावलं. धाकट्याला एक थोबाडीत ठेवून दिली. त्याच्या रक्ताने माझा तळहात ओला झाला.

"याच्या वरच्या पाण्याने माझी मशीन शॉक देते!" थोरला ओरडला.

"माझी बायको मेली असती!" धाकटा रक्त थुंकत म्हणाला. त्याची बायको जिन्यात बसली होती, पांढरी फटक. तिने वरची सगळी बटणं बंद केली होती. खाली थोरल्यानेही मशीन बंद केली होती.

इथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. भिंत शॉक देतेय, मग ट्रिप स्विच पडला का नाही? कालचं पोरगंही हा प्रश्न विचारेल. पण माझं डोकं तेव्हा भांडणात होतं. मी तरातरा बोर्डापाशी गेलो आणि स्विच हाताने खाडकन पाडला.

"बस! झाली लाईट बंद! आता याच घडीला वर चढायचं आणि ते भोक बुजवायचं. दोघांतला कोण चढतोय?"

थोरल्याने स्विचकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, माजोरडा आहे, भावासाठी वर चढायला लाज वाटतेय.

"मी चढतो," धाकटा म्हणाला. "याच्याकडून काय होणार, याला सुईत दोरा ओवताना घाम येतो."

वर गेलो. त्याने रंगकामाचा लाकडी घोडा उघडून भिंतीला लावला आणि अनवाणीच वर चढला. तोल जाऊ नये म्हणून डाव्या हाताने पाण्याचा लोखंडी पाइप धरला. उजव्या हातात डांबराची पट्टी. मी खाली उभा राहून बडबडत होतो, की तुमच्यापेक्षा मांजरं बरी, निदान मार खाल्ल्यावर वेगळी तरी होतात. त्याने पट्टी पत्र्यावर दाबली.

त्याच्या घशातून एक आवाज आला. माणसाचा वाटला नाही. सगळं अंग ताठ झालं, मान मागे गेली, दात एकमेकांवर वाजायला लागले. उजवा हात पत्र्याला आणि डावा पाइपला चिकटला होता.

"स्विच पाडलाय!" मी ओरडलो. कुणाला ओरडलो देव जाणे. "अरे, स्विच पाडलाय मी!"

त्याची बायको त्याचे पाय धरायला धावली. तिला मी खांद्याने उडवली. हात लावला असता तर तीही चिकटली असती. कोपऱ्यात रंगाचे डबे ढवळायची लाकडी फळी होती, हातभर लांब, जाड, कोरडी. ती उचलली आणि पाइप धरलेल्या त्याच्या हातावर जीव खाऊन मारली. सुटला नाही. पुन्हा मारली. कट्ट आवाज झाला. हाड मोडलं ते मला फळीतून कळलं, तरी बोटं सुटेनात.

तेवढ्यात थोरला वर आला. त्याला काय दिसलं असेल? मी त्याच्या भावाला फळीने झोडतोय. "सोड माझ्या भावाला!" करून त्याने माझ्या पाठीवर उडी घेतली आणि गळा आवळला. ज्याला घटकाभरापूर्वी कात्रीने भोसकायला निघाला होता, त्याच्यासाठी! मी कोपर मागे त्याच्या बरगडीत घातलं, वळून पोटात लाथ घातली. तो दारावर जाऊन आदळला. तिसरा फटका मी मनगटावर मारला. हात सुटला आणि धाकटा घोड्यासकट माझ्या अंगावर आला.

त्याचा श्वास चालत नव्हता. ओठ निळे पडले होते. मी त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला लागलो. दाबत राहिलो, मोजत राहिलो आणि त्याच्या तोंडावर ओरडत राहिलो, "ऊठ! ऊठ, भडव्या! मरायचं असेल तर नंतर मर, माझ्या हाताखाली नाही!" एक बरगडी मोडली. मी दाबतच राहिलो. बायको खालून अँब्युलन्सला पत्ता सांगत होती, तोच पत्ता पुन्हापुन्हा. मला भीती वाटत होती. आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

मग तो खोकला. रक्त आणि लाळ माझ्या शर्टावर उडाली, आणि मी त्याच्या कपाळाचा मुका घेतला.

त्याला नेलं. बरोबर दोघी गेल्या, माझी बायको आणि त्याची. मी मागे राहिलो, कारण मला बघायचं होतं. खाली येऊन मशीनवरच्या दिव्याचं बटण दाबलं. स्विच पडलेलाच होता आणि दिवा लागला. मीटरखालचा फ्यूज उपटला तेव्हा कुठे तो विझला.

बोर्डाची फळी खोलली. मागे हातभर वायरचा तुकडा, स्विचच्या वरून खाली जोडलेला. टाके घातल्यासारखा नीट, टोकांना शिंप्याचा दोरा गुंडाळलेला. वीज स्विचला वळसा घालून जात होती. स्विच पडो नाहीतर राहो, घर चालूच.

थोरला खुर्चीवर पोट धरून बसला होता. मी त्याला खुर्चीसकट पाडलं. छातीवर बसून तोंडावर मारत सुटलो. नाक फुटलं. मुठीखाली त्याचा दात हलला. कात्री हाताशी पडलेली होती, तिच्याकडे त्याने हात नेला नाही. मारणाऱ्या हाताकडेही नेला नाही. नुसता मार खात होता.

"पुरे करा हो, मरतील ते!" बाहेरून नुकत्याच आलेल्या थोरल्याच्या बायकोने, वहिनींनी, माझे केस धरून ओढले.

"कधी जोडलीस? बोल! मी स्विच पाडला तेव्हा तोंडात काय बोळा होता?"

"दोन महिने झाले," तो म्हणाला. तोंडातलं रक्त गिळून पुन्हा बोलला. "रोज पडायचा हो तो, काम होईना. मघाशी सांगणार होतो. पण धाकट्यासमोर मान खाली घालावी लागली असती. म्हटलं, दाजी टेस्टर लावतीलच. त्यातला दिवा पेटेल, दाजी मला आईबापावरून शिव्या देतील, पण बाहेर येईल सगळं. तुम्ही टेस्टर लावल्याशिवाय कुणाला वायरीला हात लावू देता का कधी? बहिणीला साधा बल्ब बदलू देत नाही."

माझी मूठ वरच राहिली.

टेस्टर माझ्या शर्टाच्या खिशात होता, पेनासारखा अडकवलेला. तीस वर्षं तिथेच असतो. तीस वर्षं मी दिसेल त्याला सांगत आलोय, स्विचवर विश्वास ठेवू नका, टेस्टर लावा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. टेस्टरवरही धाकट्याचं रक्त उडालं होतं.

मी थोरल्याच्या छातीवरून उठलो आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसलो. वहिनींनी त्याला ओला फडका दिला. त्याने आधी तो माझ्यापुढे धरला. माझी बोटं सोलली होती.

फोन वाजला. बायको होती.

"अहो, शुद्धीवर आलाय. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागतील म्हणतायत, पण जगेल. डॉक्टर विचारतायत, लाईट बंद केली होती ना? हा म्हणतो, दाजींनी केली होती, मी डोळ्यांनी पाहिलं. तेच लिहायला सांगू ना?"

थोरल्याने फोनसाठी हात पुढे केला. "मी सांगतो तिला. माझी वायर होती."

मी त्याला फोन दिला नाही.

"ऐक," मी बायकोला म्हणालो. "लाईट चालू होती. नुसता स्विच पाडला होता. टेस्टर लावला नाही मी. तसंच सांग त्यांना, आणि आधी त्याला सांग."

"डॉक्टर, थांबा जरा," ती तिकडे म्हणाली. मग मला म्हणाली, "तुम्ही स्वतः येऊन सांगा."